ऑप्शनला टाकलेला धडा

हे लिहायला उशीर झाला, कारण बरी झाल्यावर मी आधी राहिलेला सिलॅबस पूर्ण केला. त्यानंतर कुणी ना कुणी फोन करून विचारत राहिलं, "मॅडम, तुम्हाला नेमकं काय झालं होतं आणि बऱ्या कशा झालात?" प्रत्येकाला तेच सांगून घसा बसायची वेळ आली. घसा हे माझं पोटापाण्याचं साधन आहे, म्हणून एकदाचं लिहून काढते. ज्यांच्या घरात हा आजार आज शिरलाय आणि ज्यांना घाई आहे, त्यांनी एवढंच वाचावं: मला रक्ताचा कर्करोग झाला होता आणि मी पूर्ण बरी आहे. वेळ असेल तर पुढचंही वाचा.

चार पर्याय

मी सुनंदा. लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. माझ्याकडे रिपीटर बॅच असते, म्हणजे मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकलेली आणि वर्षभर पुन्हा तयारीला बसलेली पोरं. पहिली बॅच सकाळी सहाला. आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांमध्ये खोल्या करून राहिलेली पोरं डोळे चोळत येतात आणि मी माइकवरून त्यांची झोप उडवते. तेव्हा मी तिशीची होते, नवरा संजय जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, मुलगी पहिलीत. आजारी पडायला मला वेळ नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर नडग्यांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. म्हटलं, गाडीचा स्टँड लागला असेल. दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. म्हटलं, ब्रश कडक आहे. पाळी आली ती बारा दिवस थांबेना. जिना चढताना दर मजल्याला बसावंसं वाटायचं.

आता माझी हुशारी बघा. मी मनातल्या मनात त्याचा प्रश्न केला आणि खाली चार पर्याय लिहिले. अ, क जीवनसत्त्वाची कमतरता. ब, लोह कमी. क, कामाचा ताण. ड, रक्ताचा कर्करोग. आणि 'ड'वर फुली मारली. वर्गात मी पोरांना शिकवते ना, उत्तर येत नसेल तर सगळ्यात टोकाचा पर्याय आधी काढून टाका, तो सहसा चुकीचा असतो! परीक्षेत ही युक्ती चालते. मी ती स्वतःच्या रक्ताला लावली आणि तीन आठवडे लोहाच्या गोळ्या खात बसले. तुम्ही असं करू नका. डाग आणि हिरड्यांतलं रक्त दोन्ही एकदम दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा, तपासणी साधी असते.

एक फोन

तपासणी मी अखेर केली ती घाबरून नाही, लाजून. फळ्यावर लॅक ओपेरॉन काढत होते आणि नाकातून रक्त आलं ते थेट साडीवर. पहिल्या बाकावरच्या मुलीने रुमाल दिला. मी म्हटलं, "उष्णता आहे, लिहा पुढचं." नोव्हेंबर महिना होता.

ज्यांना हे ओपेरॉन प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण पुढे लागतील. आपल्या आतड्यात एक जिवाणू राहतो. दुधातली साखर पचवायचं साधन बनवण्याचं जनुक त्याच्याकडे असतं, पण साखर समोर आल्याशिवाय तो ते बनवत नाही. तोवर एक प्रथिन त्या जनुकावर ठिय्या देऊन बसलेलं असतं. साखर आली की ते उठतं आणि काम सुरू होतं. मेसच्या मावशी पोरं आल्याशिवाय तव्यावर पोळी टाकत नाहीत, तसं. साधा जीव, साधी व्यवस्था. माणसात मात्र हे भलतंच गुंतागुंतीचं असतं. आपल्या बहुतेक पेशींत सगळी जनुकं असतात, पण कुठली कधी उघडायची आणि कुठली कायमची मिटायची यावर ठरतं की ती पेशी डोळ्याची होणार की हाडाची. या माणसाच्या भागाचं पुस्तकात एक पान होतं. त्यावर परीक्षेत कधी प्रश्न आला नव्हता, म्हणून मी दरवर्षी सांगायची, "हे ऑप्शनला टाका." पोरं खुशीत त्या पानावर पेन्सिलीने काट मारायची.

सकाळी रक्त दिलं. दुपारी प्रयोगशाळेचे म्हातारे डॉक्टर स्वतः फोनवर. ते कधी कुणाला फोन करत नाहीत. मी गेले तर त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, "सुनंदाबाई, बसा. आता कुठं पडू नका, आपटू नका, दातसुद्धा घासू नका. रक्त गोठवणाऱ्या पेशी दीड लाख पाहिजेत तिथं अकरा हजार आहेत. आणि कच्च्या पेशी लई दिसतात."

"कच्च्या म्हणजे?"

"म्हणजे आत्ता नांदेडला निघायचं. तिथं रक्ताच्या आजाराच्या डॉक्टर आहेत. मी बोललोय त्यांच्याशी."

संजयने जीप ठरवली. प्रत्येक गतिरोधकाला तो ड्रायव्हरला "हळू, हळू" म्हणत होता आणि मी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून बसले होते. मेंदूत रक्तस्राव झाला तर संपलं, हे मला कळत होतं. मुलगी सासूबाईंजवळ होती. निघताना तिचा मुका घेताना तिचं डोकं माझ्या नाकाला लागलं आणि मी दचकून मागे झाले. ती रडली. ते रडणं अहमदपूरपर्यंत माझ्या कानात होतं.

डॉक्टर फरहीन

डॉक्टर फरहीन नांदेडच्याच. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, बोलणं एकदम रोखठोक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कमरेच्या हाडातून सुई घालून नमुना काढला. त्या दुखण्याबद्दल मी काही लिहीत नाही, शिव्या छापता येत नाहीत. संध्याकाळी त्या खुर्ची ओढून समोर बसल्या.

"तुम्ही बायोलॉजीच्या मॅडम ना? मग सरळच सांगते. रक्ताचा कॅन्सर आहे. पण त्यातला असा प्रकार आहे की पहिले पंधरा-वीस दिवस काढले तर तुम्ही बऱ्या होणार. हे पहिले दिवसच डेंजर आहेत."

मी विचारलं, "पेशी मारायचं औषध देणार?"

"नाही. मोठ्या करायचं."

मला वाटलं, मला समजावायला काहीतरी गोड बोलतायत. मग त्यांनी केसपेपरच्या मागे काढून दाखवलं. माझ्या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चिकटले होते. त्या जोडातून एक भलतंच प्रथिन तयार होत होतं आणि ते पेशीला 'आता मोठी हो' असं सांगणाऱ्या जनुकांवर ठिय्या देऊन बसलं होतं. जनुकं धडधाकट होती, फक्त मिटलेली होती. त्यामुळे पेशी अर्धवट वयात अडकून पडल्या होत्या आणि नुसत्या वाढत होत्या. अ जीवनसत्त्वाच्या नात्यातली एक गोळी भरपूर प्रमाणात दिली की ते प्रथिन उठतं, जनुकं उघडतात आणि पेशी वयात येऊन रीतसर म्हाताऱ्या होऊन मरतात.

मी कागदाकडे बघत राहिले. हे ते पान होतं. दहा वर्षं मी ज्याच्यावर काट मारायला लावत होते, नेमकं तेच. मला हसू आलं, आणि हसता हसता ओठ फुटून रक्त आलं. डॉक्टर फरहीन घाबरल्या. म्हणाल्या, "मॅडम, हसू पण नका दोन दिवस."

पहिली गोळी मी त्याच संध्याकाळी घेतली. चार दिवसांपुरत्या दवाखान्यात होत्या, पुढच्या आणायला संजय हैदराबादच्या बसमध्ये बसला.

दादा

माझे वडील, दादा, औसा तालुक्यात शेती करतात. भूकंप झाला तेव्हा मी बारावीला लातूरच्या वसतिगृहात होते आणि दादा रानात पिकाच्या राखणीला होते. आई घरात होती. दगडमातीच्या माळवदाखालून तिला काढायला दुपार झाली. तेव्हापासून दादांनी पक्क्या छताखाली पाठ टेकलेली नाही. सरकारने स्लॅबचं घर दिलं, त्यात ते कडबा ठेवतात आणि स्वतः समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. माझ्या लग्नातसुद्धा कार्यालयाच्या बाहेर मांडवात बसून होते.

दवाखाना तीन मजली, माझी खोली तिसऱ्यावर. दादा जिना चढून यायचे आणि दाराच्या चौकटीत उभे राहायचे. चौकट पडत नाही, असा त्यांचा भूकंपातला अनुभव. तिथूनच विचारायचे, "बाई, जेवलीस का?" आणि पाच मिनिटांत खाली जाऊन कडुलिंबाच्या झाडाखाली बसायचे.

संजयने त्यांना सांगितलं की गोळी जीवनसत्त्वाची आहे, गाजरात असतं तसलं. दुसऱ्या दिवशी दादा अर्धं पोतं गाजरं खांद्यावर घेऊन चौकटीत हजर.

"गाजरात हाय म्हणं औषध. मंग गोळ्या कशापायी? खा म्हणावं पोरीला पोटभर."

मला कच्चं काही खायला सक्त बंदी होती. सिस्टर किंचाळल्या. शेवटी पोतं कँटीनला गेलं आणि तीन दिवस सगळ्या वॉर्डाला गाजराची भाजी मिळाली. माझ्या शेजारच्या खोलीतले आजोबा विचारायचे, "हे गाजरवाले कोण?" आणि मी मोठ्या अभिमानाने सांगायची, "माझे वडील."

दवाखान्याचा दिवस पहाटेच्या सुईने सुरू व्हायचा. मग रक्त गोठवणाऱ्या पिवळ्या पेशींची पिशवी, मग प्लाझ्माची पिशवी, मग डॉक्टरांची फेरी, मग पुन्हा सुई. कुणी चार शब्द बरे बोललं की दिवस चांगला जायचा. वॉर्डातल्या कामवाल्या मावशी केस विंचरून द्यायच्या, हलक्या हाताने, आणि विंचरताना स्वतःच्या सुनेची यथेच्छ निंदा करायच्या. ती सून मला अजून भेटलेली नाही, पण तिच्यामुळे माझे कितीतरी वाईट तास निघून गेले.

दहावा दिवस

रक्तस्राव थांबला होता. डाग पिवळे पडायला लागले होते. आम्ही सगळे जरा सैल झालो होतो, आणि दहाव्या दिवशी मला श्वास घेता येईना. ताप चढला. वजन दोन दिवसांत चार किलो वाढलं. ऑक्सिजनचा मास्क लागला. आणि पांढऱ्या पेशींचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी कितीतरी पटींनी वाढून आला.

डॉक्टर फरहीननी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू केलं आणि म्हणाल्या, "हे गोळीमुळेच होतंय. होतं कधीकधी. गोळी थांबवायची वेळ आली तर मी थांबवीन. पण ती वेळ आज नाही."

संजयचा चेहरा पांढराफटक. त्याने एका नात्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फोनवरच निकाल दिला की गोळी सोसत नाहीये, बंद करा आणि पेशंटला आजच दुसरीकडे हलवा. संजय आत आला तो डिस्चार्जचा फॉर्म हातात घेऊन.

"मी सही करतोय, सुनंदा. आकडा वाढतोय. या बाई प्रयोग करतायत तुझ्यावर."

दादा चौकटीत होते. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "बंद करा ती गोळी! तुझी आई गेली तवा मला काई करता आलं न्हाई. आता लेक न्हाई जाऊ देनार."

लग्नाला आठ वर्षं झाली होती, माझं आणि संजयचं असं भांडण कधी झालं नव्हतं, आणि आता झालं तर मला बोलता येत नव्हतं. मी मास्क लावून नुसती मान हलवत होते. त्याला वाटलं मी हो म्हणतेय. मी त्याच्या हातातला फॉर्म ओढून घेतला, पालथा केला आणि सिस्टरकडे पेन मागितलं. सलाइन लावलेल्या हाताने लिहायला सुरुवात केली. हाच धडा वर्गात मला चाळीस मिनिटं पुरला असता. इथे मास्क बाजूला करून एकेक वाक्य बोलायचं, पुन्हा लावायचं, असं चाललं होतं.

आधी गोल काढले. छोटे, अडकलेले. त्यांच्यावर बसलेलं एक प्रथिन. मग ते उठल्याची खूण. म्हटलं, "या पेशी मोठ्या व्हायच्या थांबल्या होत्या." श्वास घेतला. "गोळीने वाट मोकळी केली. आता सगळ्या एकदम मोठ्या होऊन रक्तात उतरल्यात. म्हणून आकडा वाढला, आणि त्या गर्दीचाच दम लागतोय." पुन्हा मास्क. मग शेवटचं, "आता गोळी काढली तर परत अडकतील."

संजयने कागद हातात घेतला. दादांना चित्र दिसत नव्हतं, ते दारातून मान लांब करत होते.

"म्हंजी बाई, त्या मरून न्हाई राहिल्या, मोठ्या होऊन राहिल्या?"

मी हो म्हटलं.

"मंग आकडा वाढनारच की." मग त्यांनी चौकट सोडली, खोलीच्या मधोमध आले, वर एकदा छताकडे बघितलं आणि माझ्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. "जावई, फाडा तो कागद. बंद नगं."

खरं सांगायचं तर मला स्वतःला पूर्ण खात्री नव्हती. दहा वर्षं मी वर्गात ठाम आवाजात बोलायची सवय केली होती, ती त्या दिवशी कामाला आली. आतून मी भेदरलेली होते. वाचणाऱ्यांनी यातून एवढंच घ्यावं की औषध चालू की बंद, हे समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांनी ठरवायचं, फोनवरच्या नातेवाइकांनी नाही. माझ्यासारख्या मास्तरणीनेही नाही. मी फक्त माझ्या डॉक्टरांचंच म्हणणं माझ्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगितलं.

दादा तीन दिवस त्या स्टुलावर होते. जेवायला तेवढे खाली जायचे. चौथ्या दिवशी मास्क निघाला आणि मी पहिलं पूर्ण वाक्य बोलले ते असं, "दादा, आता आंघोळ करा." सगळा वॉर्ड हसला, आणि सगळ्यात जास्त दादा.

सोमल

पाचव्या आठवड्यात हाडाचा नमुना पुन्हा तपासला. कच्च्या पेशी नव्हत्या. डॉक्टर फरहीन खोलीत आल्या त्या जवळजवळ पळतच, आणि संजय त्यांच्या पाया पडायला वाकला तर त्या ओरडल्या, "ओ सर, काय करता!" त्या दिवशी आम्ही तिघंही रडलो, उगीच लपवलं नाही.

पण उपचार संपले नव्हते. आता ते चिकट प्रथिन मुळासकट विरघळवायला दुसरं औषध, शिरेतून, महिनोन् महिने. औषध आर्सेनिकचं, म्हणजे आपला सोमल, आणि हे नाव ऐकून दादांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सोमल? डॉक्टरीणबाई, सोमल देऊन राहिल्या माझ्या लेकीला? त्ये तर इख हाय!"

"हाव काका," डॉक्टर फरहीन म्हणाल्या, "पण मापात."

त्या काळात आम्ही नांदेडजवळच विष्णुपुरीला एक खोली घेतली. सकाळी थेंब थेंब विष घ्यायचं आणि संध्याकाळी धरणाकडे फिरायला जायचं. गोदावरीवरून वारा यायचा आणि मला भूक लागायची. कडकडून भूक लागणं ही केवढी चैन आहे हे मला तिथे कळलं. माझे केस गळले नाहीत, या औषधांनी ते सहसा गळत नाहीत. त्यामुळे भेटायला येणाऱ्या काही बायका चक्क हिरमुसल्या. एक म्हणाली, "केस तर आहेत! मग कॅन्सर नसेलच तो." मी म्हटलं, "बरोबर आहे, मी हौसेने सोमल खाते."

शेवटच्या तपासणीत ती गुणसूत्रांची जोड सापडलीच नाही. संजयने तो अहवाल फोनवर मला पाच वेळा वाचून दाखवला, स्वल्पविरामासकट. मी लातूरला क्लासच्या दारात उभी होते. आत गेले, माइक घेतला आणि म्हटलं, "ते पान उघडा." कुठलं ते त्या बॅचला माहीतच नव्हतं. मी दोन तास शिकवलं. परीक्षेत त्यावर अजूनही प्रश्न येत नाही, पालक तक्रार करतात, आणि मी शिकवते.

रविवारी

गेल्या उन्हाळ्यात उदगीरहून एका माणसाचा फोन आला. त्याच्या बायकोला हाच आजार, त्याच दवाखान्यात दाखल, आणि ती गोळी घ्यायला तयार नाही. "म्हणती, सगळे खोटं बोलून राहिलेत, ह्यातून कुणीच उठत न्हाई. मॅडम, तुमी फोनवर सांगता का?"

फोनवर सांगून काय होणार? मी रविवारी नांदेडला गेले.

विशी-बाविशीची बाई. भिंतीकडे तोंड करून पडलेली. दंडावर ते डाग. नवरा हातात गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभा, किती वेळापासून कोण जाणे. मी स्टूल ओढलं, बसले आणि चपला काढून पाय ताणले. तिने मान वळवून आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"तुमास्नी बी ह्योच झालता?"

"हाच."

"खरं सांगा, ताई."

"याच मजल्यावर होते. महिना, सव्वा महिना."

ती उठून कोपरावर टेकली. पुन्हा माझे पाय निरखले आणि तिचा चेहरा पडला. "मंग हे पाय का सुजलेत? अजून हायच ना त्यो आजार?"

मी म्हटलं, "लातूरपासून उभ्याने आलेय गं. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती."

ती उठून बसली. मग तिने नवऱ्यापुढे हात केला.

"द्या ती गोळी."